मावशींसाठी थांबायचं नाही

इंदिरानगरात फिलोमिना त्रिभुवन म्हणून विचारलंत तर वॉचमन डोकं खाजवेल. फिलूमावशी म्हणा, लगेच लिफ्टपर्यंत आणून सोडेल. सगळ्या सोसायटीच्या त्या मावशी. सत्तरीला टेकल्या आहेत, पण त्यांना 'आजी' म्हणायची सोय नाही. मागे एका कुरिअरवाल्यानं म्हटलं होतं. त्याला त्यांनी दारातच विचारलं, "तुझी आजी कुठं राहते? तिथं नेऊन दे पार्सल." बिचारा सही न घेताच पळाला.

बाईंचा तोरा उगाच नव्हता. साऱ्या नोकरीभर त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल लावून लोक तासन्‌तास ताटकळत बसायचे, त्या काळातल्या. डोक्यावर हेडफोन, समोर वायरींचं जंजाळ आणि पलीकडे सगळा जिल्हा कानाशी. पिंपळगावचे कांदा व्यापारी नावगाव सांगायच्या भानगडीत पडत नसत. त्यांनी नुसतं 'हॅलो' म्हटलं, की या म्हणायच्या, "लासलगाव ना? देते." खात्यातल्या साहेबाला सर्दी झाली की बायकोच्या आधी यांना कळायचं. तेव्हा कान हा मावशींचा मोठा अभिमान होता, आणि दुसरा अभिमान गळ्याचा.

गळा मनमाडचा. वडील रेल्वेत होते, मूळचे वैजापूरकडचे. रेल्वे कॉलनीतल्या एवढ्याशा चर्चमध्ये ही पोरगी पेटीला टेकून उभी राहायची आणि मोठ्या बायकांच्या वर आवाज काढायची. नोकरी लागून नाशिकला आली तेव्हा इथल्या चर्चच्या गायनमंडळात फादर मार्टिन होते. माणूस जर्मनीचा, पण मराठी शिकला निफाडच्या शेतकऱ्यांत, त्यामुळे लॅटिन शिकवताना म्हणायचा, "पोरी, लय घाई नाय करायची. आपलं घर आलं की मगच उतरायचं." त्यांनी देवनागरीत लॅटिन लिहून द्यावं आणि यांनी पाठ करावं. अर्थ आधी सांगायचे. अर्थ कळल्याशिवाय कुणाला तोंड उघडू देत नसत.

त्यातलीच एक रचना उत्तम शुक्रवारची. येशूला क्रूसावर दिलं तो दिवस. आदल्या दिवशीच्या संध्याकाळपासून चर्चमधली वाद्यं बंद होतात, घंटासुद्धा वाजत नाही, तिच्याऐवजी लाकडी खटखट्या वाजवतात. ऑर्गनवर कापड पडतं. मग जे काही गायचं ते नुसत्या गळ्यानं. लोक रांगेनं पुढे येऊन क्रूसाला ओठ टेकवतात, आणि बाजूला गायनमंडळ उभं राहून हे साडेचारशे वर्षांपूर्वीचं गाणं गातं. चार आवाज. सगळ्यात वरचा बायकांचा, तो सोप्रानो. त्याच्या खालचा आल्टो, तोही बायकांचा. खाली पुरुषांचे दोन.

आता, आपल्या भजनाच्या सवयीनं हे ऐकायला गेलं तर माणूस गोंधळतो. भजनात बुवा पुढे म्हणतात, मागचे झेलतात, आणि समेवर सगळे एकत्र येऊन माना डोलावतात. इथं बुवाच नाही. एकच ओळ आधी सोप्रानो उचलते. तिचे चार शब्द होतात न होतात तोच आल्टो तीच ओळ खालून सुरू करते, मग तिसरा आवाज, मग सगळ्यात शेवटी खर्ज. जो तो आपापल्या वेळी येतो आणि आपापल्या वाटेनं जातो, आणि तरी एकमेकांच्या पायात पाय येत नाही. उशीर केलात तर मात्र कुणी थांबत नाही. तुमची जागा निघून गेलेली असते.

मावशी आल्टो. लग्नाआधीपासून आल्टो. नवरा रवी त्रिभुवन, एकलहऱ्याला वीज केंद्रात होता, तो गेला त्या वर्षीसुद्धा त्यांनी उत्तम शुक्रवार चुकवला नाही. मुलगा राज पुण्याला. तो आणि सून सारखे म्हणायचे, या इकडे. मावशींचं उत्तर ठरलेलं, "आणि आल्टो कोण गाणार, तुझी सासू?"

तर अशा या बाईचा कान गेला.

एकदम नाही गेला. आधी वरचे आवाज गेले. कुकरची शिट्टी ऐकू येईना आणि डाळ करपायला लागली. मावशी म्हणाल्या, हल्ली कुकर भिकार निघतात. बेल ऐकू येईना. म्हणाल्या, पोरं नीट दाबत नाहीत. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या मुलींच्या नावानं तर रोज शंख, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतात मेल्या. पुरुषांचं बोलणं मात्र खणखणीत ऐकू यायचं, त्यामुळे त्यांनी स्वतःची समजूत घातली होती की कान ठणठणीत आहे, बायकाच हळू बोलायला लागल्या आहेत. जिनं आयुष्य कानावर काढलं तिनं हे कबूल करायचं म्हणजे सोपं नव्हतं हो. त्यांना रागावण्यात अर्थ नाही.

गायनमंडळात मात्र ही समजूत चालत नव्हती. सोप्रानोचा आवाज मावशींपर्यंत पोचेनासा झाला, आणि सोप्रानो ऐकू आली नाही तर आपण कधी शिरायचं हे कसं कळणार? पण बाई हुशार. दोन्ही गट समोरासमोर उभे राहायचे. मावशी सोप्रानोतल्या आशाच्या ओठांवर डोळे लावायच्या. आशाचे ओठ चौथ्या शब्दाला मिटले की यांनी श्वास घ्यायचा. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. कुणाच्या बापाला पत्ता लागला नाही.

यंदा रोहितनं घोळ घातला. रोहित पाठारे, शाळेत संगीत शिकवतो, गायनमंडळ तोच चालवतो. मुलगा गुणी, फक्त नव्या कल्पना फार. म्हणाला, समोरासमोर नको, लोकांकडे तोंड करून उभे राहू, आवाज चांगला जाईल. सोप्रानो पुढच्या पायरीवर, आल्टो मागे. झालं! मावशींच्या वाट्याला आला आशाचा अंबाडा. अंबाड्यावरून काय कळणार, कपाळ?

उत्तम शुक्रवाराआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातल्या पहिल्याच तालमीला आल्टो ठोकाभर उशिरा आली. रोहितनं थांबवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा उशीर. पुढच्या तालमीलाही तेच. त्या एका ठोक्यानं पुढचं सगळं बिघडायचं. जिथं गोड वाटायला हवं तिथं दात आंबायचे. रोहितनं आधी कागद तपासले. झेरॉक्सवाल्यानं ओळ खाल्ली असेल. ओळ जागेवर होती. मग तिसऱ्या आवाजाला झापलं. त्या बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं. शेवटी त्यानं आल्टोच्या बायकांना एकेकटीला गायला लावलं. मावशींखेरीज तिघी होत्या. मनाली नर्सिंगला, विनया दोन मुलांची आई, आणि संजना.

ही संजना मावशींच्या वरच्या मजल्यावरची. घर बौद्ध. वडील बुद्धभूषण, आयटीआयमध्ये शिकवतात. लहानपणी खाली खेळताना मावशींच्या खिडकीतून ऐकून ऐकून पोरीला हे सूर पाठ झाले. एक दिवस मावशींबरोबर तालमीला आली ती तिथलीच झाली. चर्चमधल्या कुणीतरी विचारलं होतं, "तू धर्म बदलणार का?" ती म्हणाली, "नाही, आणि आल्टोही बदलणार नाही." तिच्या वडिलांना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी तिला तालमीसाठी स्कूटीच घेऊन दिली.

तर रोहितनं एकेकटीला गायला लावलं. मनाली बरोबर. विनया बरोबर. संजना तर तंतोतंत. आणि मावशी? एकट्यानं मोजून गायचं तर काय, झोपेतसुद्धा गातील. अचूक! रोहित केस उपटायचा बाकी राहिला. चौघी सुट्या सुट्या बरोबर आणि एकत्र आल्या की चूक, हा काय प्रकार आहे?

प्रकार मावशींना कळला तो खिडकीतून.

त्या संध्याकाळी तालमीच्या मध्येच राजचा फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. बोलून परत येताना खिडकीशी थबकल्या. आत सुरू झालं होतं. सोप्रानो आणि आल्टो त्यांच्या दृष्टीनं मुक्याच होत्या, पण खर्जातले खंडेराव काका त्यांना भिंतीतूनही ऐकू यायचे. आणि खंडेरावांचा सूर जिथं लागला तिथं रोहितचा चेहरा असा काही उजळला, की मावशींनी तो वर्षभरात पाहिला नव्हता. त्यानं दोन्ही हात वर केले. पुरुषाचा आवाज, त्यामुळे त्याचं बोलणंही नीट ऐकू आलं.

"हेच! अरे, हेच तर मी महिनाभर मागतोय!"

आत सगळे हसत होते. मनालीनं संजनाला टाळी दिली. मावशी खिडकीबाहेर फोन हातात धरून उभ्या होत्या. काय बदललं होतं? बाकी सगळं तेच होतं. फक्त त्या आत नव्हत्या.

त्या आत गेल्याच नाहीत. रिक्षा केली, घरी आल्या, आणि रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून भांडायचंही विसरल्या.

पुढच्या दोन तालमींना त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. त्यानं मशिन लावून बघितलं. मशिननं कुकर ऐकू आला, चिमण्या ऐकू आल्या, खालच्या मजल्यावरचं सासू-सुनेचं भांडणही आलं, ते त्यांनी आवडीनं ऐकलं. पण घरी येऊन त्या स्वतः गायल्या तर आपलाच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायला लागला. सूर कुठला, बेसूर कुठला, काही कळेना. डॉक्टर म्हणाला, "बोलण्यासाठी उत्तम आहे. गाण्यासाठी थोडं कठीण." मावशींनी मशिन काढून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि त्या दुपारी उशीत तोंड खुपसून रडल्या. रवी गेल्यावर एवढ्या रडल्या होत्या, त्यानंतर आत्ताच.

आणि मग रविवारी मंडळी घरी आली. रोहित, महिला मंडळाच्या ठमाबाई, आणि मागे मान खाली घालून संजना. ठमाबाईंच्या हातात केळी. कुणी केळी घेऊन आलं की मावशींना संशय यायचाच.

चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग ठमाबाईंनी घसा साफ केला, आणि मावशींनी सवयीनं त्यांच्या ओठांवर डोळे लावले. "मावशी, आम्ही असं ठरवलंय, ईस्टरला तुमचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, मोमेंटो. फादर बोलतील दोन शब्द. एवढ्या वर्षांची सेवा..."

मावशींनी कपबशी खाली ठेवली. सत्कार म्हणजे काय, हे त्यांना शिकवायला हवं होतं होय? खात्यात त्यांनी किती शाली पांघरताना पाहिल्या होत्या. शाल पांघरली की दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाची खुर्ची दुसऱ्याची.

"म्हणजे मला काढताय."

"मावशी, तसं नाही," रोहित म्हणाला. बिचाऱ्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे... तुम्ही थकलात..."

"थकेल तुझा काका! गळा ऐक माझा, आत्ता गाऊन दाखवते. कान गेलाय रे माझा, गळा नाही गेला!"

बोलून गेल्या. इतके दिवस आत दाबून ठेवलेलं असं चहाच्या कपांमध्ये येऊन पडलं. ठमाबाई केळ्यांकडे बघत राहिल्या.

आणि तेवढ्यात संजनानं मान वर केली आणि तिला रडू फुटलं. "त्यांची चूक नाही, सर. आमची आहे. आम्हाला सोप्रानो ऐकू यायची. कुठं शिरायचं ते कळायचं. पण आम्ही थांबायचो."

"थांबायचात? कशासाठी?"

"मावशींसाठी. त्यांचं सुरू झाल्याशिवाय आपण कसं सुरू करायचं? बरं दिसतं का ते?"

रोहितनं कपाळावर हात मारला. झेरॉक्सवाल्याचा उद्धार करून झाला होता, तिसऱ्या आवाजाला शिव्या घालून झाल्या होत्या, आणि गोम निघाली ती ही! मोठ्या माणसानं पहिला घास घेतल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, ते वळण या पोरींनी साडेचारशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन गाण्याला लावलं होतं. मावशी ठोकाभर चुकायच्या आणि तिघी त्यांच्या मागे अदबीनं चुकायच्या.

त्याला हसू येत होतं. मावशींना नाही आलं. त्यांना राग आला, आणि तो सत्काराच्या रागापेक्षा मोठा होता.

"मला सांभाळून घेत होतात? मी काय तळहातावरचा फोड आहे? अगं, चारचौघांत मी एकटी चुकले असते तर माझी मी चुकले असते. तुम्ही माझ्यापायी गाणं बुडवलंत! फादर मार्टिननी एकेकीला उभं फोडलं असतं!" मग रोहितकडे वळून म्हणाल्या, "तू ऐक. या पोरींना माझ्याशिवाय उभं राहायला मी शिकवते. मी शेजारी असूनही त्या बरोबर आल्या, तर या शुक्रवारी मी आल्टोत उभी राहणार. नाही जमलं, तर तुझी शाल आण, घेते पांघरून. कबूल?"

रोहितनं मान डोलावली. दुसरं काय करणार?

मग मावशींच्या हॉलमध्ये जी तालीम झाली ती सोसायटीला अजून आठवते. मोबाइलवर आशाचा आवाज भरून आणला होता. तिघींना भिंतीशी उभं केलं आणि मावशी त्यांच्या शेजारी राहिल्या. पहिल्यांदा मुद्दाम उशिरा शिरल्या. तिघी थांबल्या.

"गाढवांनो! मी विहिरीत उडी मारली तर माराल का?"

मग मुद्दाम लवकर शिरल्या. विनया दचकून त्यांच्यामागे धावली. "तू कुठं निघालीस? बस सुटतेय का तुझी?" मग भलताच सूर लावला. मनालीचा सूर त्यांच्याकडे कलला आणि तिनं जीभ चावली, ते मावशींनी पाहिलं. "अगं, पेशंटला भलतंच इंजेक्शन देशील अशानं!" मनालीला हसू आवरेना. संजना मात्र हसत नव्हती. तिचं सगळ्यात अवघड होतं. गाणंच मुळात ती मावशींकडून शिकली होती. मावशींचं तोंड उघडलं की तिचं आपोआप उघडायचं, आणि मावशींचं मिटलेलं असलं की कितीही बरोबर कळलं तरी आवाज घशातून निघत नसे.

"मला नाही जमत, मावशी. उद्धटपणा केल्यासारखं वाटतं."

"मग कर उद्धटपणा. मी सांगतेय ना? माझ्याकडे बघायचंच नाही. मी मेले तरी बघायचं नाही. मावशींसाठी थांबायचं नाही, म्हण."

"असं काय म्हणायचं..."

"म्हण!"

तिघींनी म्हटलं. मग गायल्या. मावशी मुद्दाम उशिरा शिरल्या, मोठ्यानं, चांगल्या दणकून. तिघींनी ढुंकूनही बघितलं नाही. आपापल्या ठोक्याला शिरल्या आणि निघून गेल्या पुढे. मावशी मागे एकट्या गात राहिल्या, मग थांबल्या. त्यांना बरं वाटलं आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं. मग नाक पुसून म्हणाल्या, "हां. आता कुठं आल्टो झालात. पुन्हा."

आता राहिला प्रश्न त्यांचा स्वतःचा. संजनानं कोपरानं खूण करून बघितली, पण खूण करून मग श्वास घ्यायचा म्हणजे तिलाच उशीर. ते सोडून दिलं. मग मावशींनी युक्ती काढली. संजना श्वास घेते तेव्हा तिचा डावा खांदा किंचित उचलला जातो. तेवढ्यावर नजर ठेवायची. खांदा वर, की यांचा श्वास. चर्चमध्ये करून पाहिलं आणि जमलं. रोहितनं पुन्हा घेतलं आणि पुन्हा जमलं. खंडेराव काका खर्जात म्हणाले, "शाबास." ते मावशींना स्पष्ट ऐकू आलं आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

उत्तम शुक्रवार उजाडला. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. चर्च भरलं होतं, पंखे फिरत होते, तेवढाच काय तो आवाज. ऑर्गनवर जांभळं कापड. मावशींनी पांढरी साडी नेसली होती आणि सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. क्रूस पुढे आणला गेला. लोकांची रांग लागली. गायनमंडळाच्या पायऱ्यांच्या कडेनं, मावशी उभ्या होत्या त्या टोकाजवळूनच ती जात होती. रोहितनं बारीक आवाजात चारही आवाजांचे सूर दिले आणि हात उचलला.

पुढच्या पायरीवर आशाचा अंबाडा हलला. म्हणजे सोप्रानो सुरू. मावशींनी संजनाच्या खांद्यावर डोळे रोवले.

आणि नेमका तेवढ्यातच रांगेतल्या ठमाबाईंचा पाय पायरीला अडखळला. त्या तोल जाऊन मावशींच्या बाजूलाच आल्या. मावशींचा हात आपोआप पुढे गेला. दंडाला धरून त्यांनी ठमाबाईंना सावरलं. क्षणाचंच काम. मान परत वळवली तर संजनाचा खांदा खाली आला होता आणि तोंड उघडं होतं. मनालीचं उघडं होतं. विनयाचंही.

त्या शिरल्या होत्या. बरोबर जागी. मावशींसाठी कुणी थांबलं नव्हतं.

देवा, आजच? मावशी आपली जागा शोधायला लागल्या. खंडेरावांचा सूर लागला, तो ऐकू आला. त्यावरून मोजून आल्टो आत्ता कुठल्या शब्दावर असेल, हे काढता आलं असतं. त्यांनी काढलंही. आता शिरता येईल, आता. पण अंदाज ठोकाभर चुकला तर? त्या पोरी डगमगणार नाहीत, पण शंभर कान बिघडलेलं ऐकतील. मग नुसते ओठ हलवावेत? लोकांना काय कळतंय? बाजूला उभं राहून ओठ हलवणारे मावशींनी जन्मभर पाहिले होते, आणि त्यांना जन्मभर नावं ठेवली होती.

मावशींनी तोंड मिटलं. सगळ्या चर्चसमोर, आल्टोच्या रांगेत, ताठ उभ्या राहिल्या, मिटल्या तोंडानं. रांगेतले लोक बघत होते. फिलूमावशी गात नाहीत, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ठमाबाई क्रूसाला ओठ टेकवून परत जाताना ओशाळून बघत होत्या. मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या संजनाच्या गळ्याकडे बघत होत्या. शीर ताणली जायची, सैल व्हायची. किती गेलं, किती राहिलं, हे त्यावरून कळत होतं. आल्टोचा स्वर एकही ऐकू येत नव्हता. रोहितचा हात सावकाश खाली आला तेव्हा त्यांना समजलं की संपलं.

त्या दिवशी विधी झाल्यावर कुणी बोलत नाही, सगळे गुपचूप निघून जातात. मावशी बाहेर येऊन करंजाच्या सावलीत उभ्या राहिल्या. संजना धावत आली. तिचा चेहरा रडून सुजला होता.

"मावशी, मी थांबले नाही."

"बघितलं मी."

"तुम्ही मागे राहिलात हे मला दिसलं. त्या दोघींनाही दिसलं. तरी मी तशीच पुढे गेले. मला फार वाईट वाटलं, मावशी."

"मलाही वाटलं," मावशी म्हणाल्या. "फार वाईट वाटलं गं. आजच्या दिवशी कशाला खोटं बोलू? पण थांबली असतीस ना, तर इथंच कानफटात दिली असती." त्यांनी पदरानं आधी संजनाचे डोळे पुसले, मग स्वतःचे. लोक खाली बघत बाजूनं जात होते. आशा होती, खंडेराव काका होते, रोहित कागद गोळा करून येत होता.

"कसं झालं गं?" मावशींनी विचारलं. "सांग ना. पहिल्यापासून सगळं सांग."

संजनानं नाक ओढलं. विधीनंतरची शांतता मोडू नये म्हणून ती अगदी हळू आवाजात सांगायला लागली, आधी आशाताईंचा सूर कसा लागला, मग आपण कशा शिरलो. मावशींनी थोडा वेळ तिच्या ओठांकडे पाहिलं. मग हात कानामागे नेला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाल्या, "मोठ्यानं सांग, बाळा. मला ऐकू येत नाही."